उपवासाची रताळी

माझा चुलतभाऊ मला कधीच आवडला नाही. लोकांपुढं मी त्याला दादा म्हणत आलो, त्याच्या घरी जेवत आलो, पण आतून कायम जळत राहिलो. तो माझ्यापेक्षा चांगला पळायचा. एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही दोघंही कुरकुंभच्या एका रसायनाच्या कारखान्यात कंत्राटावर होतो. ड्रम हलवायचे, पोती रचायची, शिफ्ट सुटली की सायकलीवरून घर. कंपनीनं वर्धापनदिनाला शर्यत जाहीर केली. दौंडहून कुरकुंभ आणि परत दौंड. पहिला येईल त्याला कायम करणार. कंत्राटातली सगळी पोरं पळायला लागली. खरी शर्यत आम्हा दोघांतच होती, आणि ती दादा जिंकणार हे मला दिसत होतं.

मी शिरूरच्या कॉलेजात सायन्सला दोन वर्षं काढून नापास झालेला. तिथल्या लायब्ररीत वाचलेलं एक मात्र डोक्यात राहिलं होतं. भाकरी, भात, गूळ यांची शरीरात साखर होते आणि जादाची साखर स्नायूंत, यकृतात साठून राहते. जोरात पळताना शरीर मुख्यतः हाच साठा जाळतं. तो सरत आला की भिस्त चरबीवर. चरबी भरपूर असते, पण सावकाश जळते. चुलीत तुराट्या आहेत तोवर भडका. त्या संपल्या की गोवरी नुसती धुमसत राहते. पळणाऱ्याचे पाय उचलेनासे होतात.

हे सगळं मला ठाऊक होतं. दादाला मी निम्मंच सांगितलं.

"दादा, शर्यतीच्या आधी आठवडाभर धान्य सोड. भाकरी न्हाई, भात न्हाई. अंग हलकं हुतं. शरीर चरबीवर पळायला शिकतं."

"पुस्तकात हाय?"

"पुस्तकातच हाय."

ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त नीच होतं. साठा कमी ठेवून सराव केला तर शरीर चरबी जास्त वापरायला शिकतं, हे खरं. धान्य सोडलं की वजन झटकन उतरतं, हेही खरं. साठा सरला की त्यानं धरून ठेवलेलं पाणीही जातं. पण प्रत्यक्ष शर्यतीला साठा भरलेलाच लागतो. हे शेवटचं वाक्य मी गिळलं, आणि घरी दोन्ही वेळा भातात गूळ कुस्करून खात राहिलो.

आमची दोन्ही घरं एका भिंतीची. दादाची आई, म्हणजे माझी मोठी आई, तिला हे कळलं तेव्हा ती ओट्यावरूनच माझ्यावर घसरली.

"उगंच धान्य सोडतंय व्हय कुणी? कॉलेजात ह्येच शिकवत्यात व्हय रं?"

"मोठी आई, दादाच्या भल्याचंच सांगतोय."

"भलं आधी तुझ्या बापाचं कर. नापास हून आलाय आन् आमाला शिकवतोय. सोडायचंच आसंल तर देवाच्या नावानं सोडंल माझा ल्योक. रीतसर उपास करंल."

दादाचा उपवास सुरू झाला. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर, संध्याकाळी उकडलेली रताळी आणि दूध-गूळ. मी येता-जाता बघायचो आणि मनात खूश व्हायचो. चला, धान्य तर सुटलं. अरे, साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्याचीही साखरच होते! रताळंही त्याच जातीचं. म्हातारी त्याचा साठा माझ्यापेक्षा जास्त भरत होती, आणि मी सायन्सवाला तिला रताळी सोलताना बघून सुखावत होतो. आमच्याकडं उपवासाच्या खाण्याला कुणी खाणं म्हणतच नाही. मीही म्हटलं नाही.

आदल्या दिवशी दादा कारखान्यात ड्रमच्या वजनकाट्यावर उभा राहिला.

"आरं मर्दा, माझं तर वाढलंय."

"काटा बिघडलाय," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटलं.

शर्यतीत मी पहिल्यापासून वेग वाढवला. रिकाम्या माणसाला जोरात पळवलं की तो लवकर ढासळतो, असा माझा डाव. दादा बरोबर राहिला. कुरकुंभहून मागं वळलो तरी बरोबरच. त्याचे पाय कधी लटपटतात याची मी वाट बघत होतो. लटपटले माझे. वेग जितका जास्त, साठा तितका भराभर जळतो. त्याला संपवायच्या नादात मी माझ्याच तुराट्या जाळून बसलो. दादा पुढं गेला. जाता जाता ओरडला, "चल की रं, थांबलास का?" मी रस्त्याकडेला बसून त्याला आईवरून शिव्या दिल्या. त्याच आईवरून.

गळ्यात हार पडल्यावर त्यानं माझा हात धरून वर केला. "ह्यानं सांगितलं तसं केलं म्हणून जिंकलो!"

तो कायम झाला. मी सणसवाडीला दुसरी कंपनी धरली. दर दिवाळीला त्याच्या घरी फराळ आणि तेच कौतुक. मी गप्प. त्याला तो माझा मोठेपणा वाटायचा.

मोठी आई वारली. पुढं दादाची मुलगी दौंडच्या शाळेकडून लांबच्या शर्यती पळू लागली. दादानं तिला माझ्या नावानं धान्य सोडायला लावलं. तिनं कसला उपवास धरला नाही. अंडी आणि काकडीवर आठवडा काढला. निम्म्या शर्यतीत भोवळ येऊन पडली. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी भेटायला गेलो. खाटेवरून म्हणाली, "काका, माझंच कुठंतरी चुकलं. पुढच्या शर्यतीला दोन आठवडे सोडते."

तेव्हा बोललो. दादा समोर बसला होता. त्याच्यासमोर सगळं बोललो.

"म्हंजी मी रस्त्यात पडावं म्हणून सांगितलंस?"

"व्हय."

"आन् आईनं रताळी घातली म्हणून वाचलो."

"व्हय."

"आन् इतकी वर्सं माझ्या घरचा फराळ गिळलास."

वहिनीनं माझ्यासाठी चहा आणला होता. दादानं तो कप माझ्यासमोरून उचलून पोरीच्या हातात दिला.

"साखर हाय त्यात. पी." मग माझ्याकडं न बघता वहिनीला म्हणाला, "हिला भात टाक."

मी उठलो, चपला घातल्या. थांब कुणी म्हणालं नाही.