इर्माच्या हाताची मूठ

मिलान कोवाचकडे पिस्तुलाची मूठ बनवून घ्यायला येणारा नवा माणूस एक ना एक दिवस हमखास लाल हात घेऊन बाहेर पडायचा. मिलान त्याच्या तळव्याला आणि बोटांना बायकोची लिपस्टिक फासायचा आणि मग मूठ धरायला द्यायचा. लाकूड जिथे जास्त टेकायचं तिथे लाल डाग उठायचा आणि मिलान तेवढीच जागा कानशीने घासायचा. मग पुन्हा लिपस्टिक, पुन्हा कानस. अस्वलं मारणारे दांडगे गडी आमच्या गावच्या खानावळीत लाल तळवे लपवत कॉफी प्यायचे, आणि वाढणाऱ्या पोरी त्यांना विचारायच्या, "काय, कोवाचच्या बायकोकडे गेला होता वाटतं?"

मी त्यांच्या शेजारची. माझं नाव व्हर्ना. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या ह्या गावात जन्मले आणि इथेच मरणार. दर मंगळवारी संध्याकाळी अग्निशमन दलाच्या इमारतीच्या तळघरात आमची नेमबाजी चालायची. एका हातात पिस्तूल, दुसरा हात खिशात. माझा नेम असा की लक्ष्याच्या कागदापेक्षा मागच्या मातीच्या भरावालाच जास्त भोकं पडायची, म्हणून गुण मोजायचं काम मला दिलं होतं. तेव्हा जे सांगते ते जवळून बघितलेलं आहे.

मिलान आधी फर्निचरच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला आणि फावल्या वेळात मुठी कोरायच्या छंदावर घर चालायला लागलं. दुकानातल्या तयार मुठीवर त्याचा भारी राग. तो म्हणायचा, सगळ्यांच्या मापाची टोपी म्हणजे कुणाच्याच मापाची नाही. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला ओल्या मातीचा गोळा दाबायला लावायचा. सगळी बोटं मातीत उमटायची. त्यावरून अक्रोडाच्या लाकडात मूठ कोरायची, मग लिपस्टिकचं प्रकरण. गिऱ्हाईक म्हणायचं, झाली, छान वाटतेय. मिलानचा त्यावर विश्वास नसायचा. "दुकानात नवा बूटही छान वाटतो," म्हणायचा. मूठ घरी न्यायची, बेसबॉल बघताना हातात धरून बसायचं, कुठे टोचतं ते येऊन सांगायचं. शेवटची परीक्षा भिंतीसमोर. रिकामं पिस्तूल धरून डोळे मिटायचे, हात उचलायचा, डोळे उघडायचे. नळी आपणहून नेमाच्या ठिपक्यावर आलेली असेल तर मूठ हाताची झाली. नाही आली तर गिऱ्हाईक ओशाळून मनगट वळवून नळी सरळ करायला बघायचं, आणि मिलान त्याच्या हातावर चापट मारायचा.

"हात वळवू नकोस. लाकूड बदलेल. हाताने लाकडाचं ऐकायचं नसतं."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की स्वयंपाकघरात सुरी हातात बसेना झाली की माझ्याही तोंडून निघतं.

त्याच्या बायकोची, इर्माची मूठ मात्र जगावेगळी होती. इर्माचा हात लहान. पोरवयात कपडे पिळायच्या यंत्राच्या रुळांत तिचा अंगठा सापडला होता. हाड वाकडं जुळलं आणि सांध्याचं टेंगूळ कायमचं वर राहिलं. लग्नाआधी मिलानने तिच्यासाठी पहिली मूठ केली, तेव्हा त्या टेंगळासाठी लाकडात एक खळगा कोरला. तिने मला स्वतः सांगितलं होतं, "व्हर्ना, आयुष्यभर मी हा अंगठा लपवला. ह्या माणसाने त्याला बसायला खुर्ची केली. मग म्हटलं, लग्न ह्याच्याशीच करावं." ती मूठ तिने कधी बदलली नाही. वर्षं गेली तसं लाकूड तिच्या घामाने काळं झालं, बोटांच्या जागा आरशासारख्या गुळगुळीत झाल्या. आमच्या गावच्या चौघांच्या संघात ती सगळ्यात बुटकी, आणि तिच्या नेमावर आम्ही जिंकायचो. पैजा लावणारे पाहुणे संघ तिला बघून हसायचे आणि जाताना हसायचे नाहीत.

फेब्रुवारीत इर्मा गेली. पोटाचा कॅन्सर. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला दुखायला लागलं आणि बर्फ वितळायच्या आत आम्ही तिला पुरलं. माझी जिवाची मैत्रीण होती. अजून सकाळी तिच्या खिडकीकडे बघून हात वर जातो आणि मग मी तो केसांवरून फिरवते, कुणी बघितलं तर वेड लागलं म्हणतील म्हणून.

त्यांची एकुलती मुलगी मार्लीन ओहायोतल्या टोलेडोला एका बेकरीत कामाला होती. आईच्या मातीला आली ती बापाजवळ राहिली. काही दिवसांनी तिनेच विषय काढला. संघात आईची जागा रिकामी होती, वसंतात जिल्ह्याचे सामने होते. ती म्हणाली, मी उभी राहते, आईचं पिस्तूल घेऊन. नेमबाजी तिला येत होती, कोवाचांच्या घरात कुणाला येत नव्हती? मिलानच्या तोंडावर कितीतरी आठवड्यांनी तजेला दिसला.

अडचण हाताची होती. मार्लीनने चेहरा आईचा घेतला, हात बापाचा. रुंद तळवा, लांब बोटं. आईच्या मुठीत तिचा हात मावेना. एका संध्याकाळी तिने रीतसर मातीचा गोळा दाबला आणि बापाच्या बाकावर ठेवला. म्हणाली, "बाबा, एवढं घासून दे. नाहीतर नवी कर."

मिलानने गोळ्यावर ओलं फडकं टाकलं आणि म्हणाला, होईल सवय.

मी समोर होते. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तिने लिपस्टिक फासून मूठ धरून दाखवली. लाकडावर दोनच ठिकाणी लाल उठलं, म्हणजे बाकी हात अधांतरीच होता. आंधळ्यालाही कळलं असतं. मिलानने ते डाग पुसले आणि तिची बोटं एकेक उचलून आईच्या जागांवर नेऊन ठेवली. "अशी धर. आई अशी धरायची."

सगळा मार्च हेच. मार्लीनच्या अंगठ्याच्या मुळाशी आधी फोड आला, मग तो फुटला. ती पट्टी बांधून यायची. नळी दर वेळी डावीकडे बघायची आणि ती मनगट वळवून सरळ करायची, आणि जो माणूस ह्याच गोष्टीसाठी परक्यांच्या हातावर चापट मारायचा तो "हां, असंच" म्हणायचा. मी एकदा सरळ बोलले, मिलान, हे लाकूड आहे, इर्मा नाही. त्याने मला कॉफी विचारली नाही आणि दार उघडून धरलं. त्याच्यावर चिडू तरी कशी? त्याच्याकडे बायकोच्या हाताचा तेवढाच ठसा उरला होता. ह्या एकाच हाताच्या बाबतीत त्याची स्वतःची कानस उचलली जात नव्हती. पण पोरीचा हात तर जिवंत होता.

सामन्याच्या दिवशी आमच्याच तळघरात मार्लीनची पार वाट लागली. गुण मीच मोजले, ते सांगत नाही. संघ शेवटचा आला. सगळे सामान आवरत असताना ती बापाला हळूच म्हणाली की हात फार दुखतोय. आणि मिलान सगळ्यांसमोर बोलून गेला.

"आईला कधी दुखलं नाही त्यात. तुला तिचा हात नाही, त्याला मूठ काय करणार?"

मार्लीनने पिस्तूल रिकामं असल्याचं बघितलं, नियमाप्रमाणे उघडं करून टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "मला तिचं काहीच नाही, असंच ना बाबा?" आणि ती जिना चढून गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आम्ही खालून ऐकला. ती टोलेडोला निघून गेली.

मग सुरू झाला दोघांचा अबोला. कोवाच मूळचे स्लोव्हाक, आणि स्लोव्हाक माणूस रुसला की खेचरालाही शहाणं म्हणावं. ती फोन करेना, तो करेना. ख्रिसमसला मी त्याला कोबीच्या शेवया नेऊन दिल्या, तर ताटाकडे बघून म्हणाला की इर्मा कांदा जास्त घालायची. मी म्हटलं, मग खाऊ नकोस. त्याने खाल्ल्या आणि ताट धुऊन परत आणून दिलं. त्या हिवाळ्यात त्याच्याकडची गिऱ्हाइकंही कमी झाली. कुणी म्हणालं, हल्ली तो गप्प बसतो, चापटसुद्धा मारत नाही.

इर्माला जाऊन वर्ष झालं, तिच्या नावाची प्रार्थना झाली, त्यानंतरच्या आठवड्यात मी त्याच्या कामाच्या खोलीत गेले तर मिलान कानस चालवत होता. समोर मार्लीनच्या हाताचा मातीचा गोळा होता, वाळून तडा गेलेला. बाकाच्या शिकंज्यात आवळलेली इर्माची मूठ. काळं लाकूड जिथे जिथे घासलं होतं तिथे आतून कोवळं, तपकिरी निघालं होतं. खळगा बाजूच्या लाकडाशी जवळजवळ सपाट झाला होता.

तो वर न बघता म्हणाला, "परक्यांचे हात जपले मी. स्वतःच्या पोरीचा हात सोलवटून काढला. आता तिला दुखणार नाही."

मला तेव्हा बरंच वाटलं. म्हातारा शुद्धीवर आला, पोरगी परत मिळेल, असं वाटलं. मूठ पुरी झाल्यावर त्याने ती स्वतः धरून बघितली. त्याचा आणि मुलीचा हात एकच. त्याच्या हातात ती छान बसली. इतक्या वर्षांत इर्माची मूठ त्याच्या हातात कधी बसली नव्हती. त्याने ती लगेच खाली ठेवली, भुसा झाडून खोलीतल्या लोखंडी चुलीत टाकला, रोज टाकतो तसा, आणि मला म्हणाला, तू फोन कर तिला. मुठीचं सांगू नकोस, आल्यावर बघू दे. मी फोन केला. ईस्टरला ये, बाप थकलाय, एवढंच म्हटलं. ती येते म्हणाली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्याकडे टोपल्या घेऊन चर्चमध्ये जातात. हॅम, सॉसेज, रंगवलेली अंडी आणि गोल पाव, पाद्री त्यावर पवित्र पाणी शिंपडतो. मार्लीन पाव स्वतः भाजून घेऊन आली. पावावर इर्मा करायची तशीच कणकेची वेणी होती. बापलेक दारात एकमेकांसमोर उभे राहिले आणि आधी हवेबद्दल बोलले, रस्त्याबद्दल बोलले. मग तिने टोपली ठेवली आणि कामाच्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेले. त्याने पिस्तूल पेटीत घालून बाकावर तयार ठेवलं होतं आणि तो पोरासारखा अधीर झाला होता.

पेटी उघडायच्या आत मार्लीन बोलायला लागली. पाठ करून आली असावी. म्हणाली, "बाबा, मी पिस्तूल चालवायला नाही मागत. नुसतं धरायला दे. बेकरीत कणीक मळताना माझा अंगठा तो खळगा शोधत असतो. तेव्हा कळलं नाही मला. जिथे दुखायचं ना, तिथे आई होती. तू बरोबर होतास. मला तिच्या हातात हात घालायचाय, एवढंच."

मिलानचा हात पेटीच्या झाकणावर होता. तो तिथेच राहिला. शेवटी तिनेच झाकण उचललं.

रंग बघून ती आधी थबकली. मग पिस्तूल रिकामं असल्याचं बघून तिने मूठ धरली. डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले. नळी भिंतीवरच्या ठिपक्यावर होती, केसभरही इकडे तिकडे नाही. मिलानने उभ्या आयुष्यात इतकी नेमकी मूठ केली नसेल. मार्लीनचा अंगठा मात्र लाकडावरून फिरत राहिला. पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. तिथे आता सपाट, छान घासलेलं लाकूड होतं.

"फार छान बसलीये, बाबा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "भुसा कुठाय?"

मिलानने चुलीकडे बघितलं. मग तो गुडघ्यावर बसला, चुलीचं दार उघडलं आणि आत हात घातला. चूल त्यानंतर कितीतरी वेळा पेटली होती, राखही दोनदा टाकून झाली होती. तरी तो आत चाचपत राहिला. मार्लीनने पिस्तूल बाकावर ठेवलं आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसली. त्याचा राखेने भरलेला हात तिने बाहेर काढून आपल्या हातात घेतला. दोन रुंद, सारखे हात.

"तुझ्यासाठी केलं गं," तो म्हणाला. "तुला दुखू नये म्हणून."

"माहीत आहे."

"आता ती कुठेच नाही."

मार्लीन त्याच्या बोटांवरची राख पुसत राहिली. आहे म्हणून खोटं का सांगावं तिने? चर्चची घंटा झाली तरी दोघं उठली नाहीत. शेवटी त्यांची टोपली मीच माझ्या टोपलीबरोबर घेऊन गेले.