पुस्तकात नसलेली लक्षणं

कॅज्युअल्टीत नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. पेशंट बरा होऊन घरी जातो, किस्सा आमच्याकडंच ॲडमिट राहतो. कोल्हापुरात अठरा वर्षं डॉक्टरकी करतेय, त्यामुळं सध्या वॉर्ड फुल्ल आहे.

*

गडमुडशिंगीचे एक शेतकरी सकाळी स्कूटरवरून एकटेच आले. शर्ट घामानं भिजलेला, डावा हात चोळत होते. म्हणाले, मिसळ जरा जास्त झाली, ॲसिडिटीचं इंजेक्शन द्या आणि सोडा. ईसीजी काढला तर सरळसरळ हार्ट ॲटॅक. लगेच गोळ्या दिल्या आणि त्यांना बेतानंच सांगितलं. ते माझ्यापेक्षा शांत. ॲन्जिओप्लास्टीला नेताना स्ट्रेचरवरून पुतण्याला फोन लावला. मला वाटलं, निरवानिरव चाललीय. ते सांगत होते, "संध्याकाळी धार काढताना मोऱ्या म्हशीला आधी पेंड दाखीव. न्हाईतर लाथ मारती."

*

शेजारच्या मंगल कार्यालयातून बोलावणं आलं, नवरदेवाच्या मामांना फिट आलीय. मी आणि शालन सिस्टर, आमच्या सगळ्यात जुन्या नर्स, पळत गेलो. चौघांनी हातपाय दाबून धरलेले, एकजण दातांत चमचा घालतोय, एकानं नाकाला कांदा लावलेला. सिस्टरनी चमचा काढून घेतला, सगळ्यांना मागं सारलं, मामांना कुशीवर वळवलं. थोड्या वेळात फिट थांबली. मग कांदेवाल्याला म्हणाल्या, "पावणं, कांदा पंगतीत वाढा. हितं त्याचं काम न्हाई."

*

हातावर गरम रस्सा सांडलेल्या एकानं टूथपेस्टची अख्खी ट्यूब लावली होती. सिस्टरनी त्यांचा हात वीस मिनिटं नळाखाली धरायला लावला आणि विचारलं, "मग दात काय मलमानं घासता?"

*

एका निवृत्त हेडमास्तरांना बायको आणि मेहुणा धरून घेऊन आले. आयुष्यात सुपारीही न खाल्लेला माणूस झोकांड्या देत होता आणि मेहुण्याला नाही नाही ते बोलत होता. घरच्यांना वाटलं, कुणीतरी पाजली. मास्तरांनी इन्सुलिन घेतलं होतं आणि वर उपास धरला होता. शुगर पार खाली. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि पाचेक मिनिटांत मास्तर सगळ्यांना नमस्कार करत उठून बसले. काहीच आठवत नव्हतं. मेहुण्यानं मला कोपऱ्यात घेतलं. "मॅडम, साखर उतरली की माणूस खरं बोलतो काय?"

मी म्हटलं, पुस्तकात तसं दिलेलं नाही.

*

मलकापूरच्या एक मावशी होत्या. सकाळी नवऱ्याच्या ओठाच्या कडेनं चहा ओघळला, जीभ जड झाली. दीर म्हणाले, वारं लागलंय, तेल चोळू, दुपारपर्यंत बघू. मावशींनी ऐकलं नाही. शेजाऱ्याची जीप काढायला लावली आणि दीड तासात नवऱ्याला आमच्याकडं आणलं. चहा किती वाजता सांडला, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच सीटी स्कॅन करून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत देता आलं.

दोन दिवस काका नुसते बघत होते. तोंडातून शब्द नाही. मावशी कॉटच्या पायाशी बसून. तिसऱ्या दिवशी राउंडला मी मावशींकडं बोट दाखवून विचारलं, "काका, ह्या कोण?"

काकांनी बराच वेळ बघितलं. मग सावकाश, पण अगदी स्पष्ट म्हणाले, "सुशीला."

आम्ही सगळे खूश. मावशी मात्र घाबऱ्या झाल्या. पदर सावरत माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, डोक्याचा फोटो परत एकदा काढा. पस्तीस वर्षांत ह्यांनी माझं नाव कधी घेतलं न्हाई."