दीपमाळेची मालकीण

माझी बायको कोणाचंच ऐकत नसे. माझं तर नाहीच. गोदावरीच्या उंच काठावरची जुनी दगडी दीपमाळ ती आपलीच समजायची, म्हणून गावानं तिला चिडवायला 'मालकीण' नाव ठेवलं. तिला त्याचा राग नव्हता. "हायेच मी मालकीण," म्हणायची.

तिचं माहेर नदीच्या पलीकडच्या काठावर. लग्नात आईला सांगून आली होती, दिवेलागणीला दीपमाळेवर दिवा दिसला की समज, पोर बरी हाय. म्हातारी तिकडं ओट्यावर बसून बघायची. ही अंगात ताप असला तरी पदराआड दिवा धरून जायची. मी म्हटलं, मग हे खोटं झालं ना? म्हणाली, "आईला खोटंच सांगायचं असतं."

मी एकलहऱ्याला वीजघरात कामाला लागलो, त्याच सुमारास काठ जास्त ढासळायला लागला. प्रत्येक पुरात एक लचका जायचा. सरपंचानं ठरवलं, दीपमाळ पडायच्या आत उतरवायची आणि दगड चावडीला वापरायचे. गडी पहारी घेऊन आले, तर ही जोत्यावर मांडी घालून बसलेली.

सरपंच समजुतीनं म्हणाले, "वहिनी, नदीपुढं कोणाचं चालतं?"

"नदीचं मी बघते. तुम्ही तुमच्या वीटभट्टीची गाढवं आवरा. काठाची माती नदी नेती त्याहून जास्त ती नेत्यात."

गडी पहारींवर हनुवटी टेकून हसले. सरपंच हसले नाहीत, पण गाढवं यायची थांबली.

मग तिनं ओढ्यावरून वाळ्याची रोपं आणून सगळ्या उतारावर लावली. लोक म्हणाले, मालकीण गवतानं नदी बांधती. पुरानं रोपं नेली की ती परत लावायची. मीही म्हटलं, सोड आता. तिनं माझ्या हातात खुरपं दिलं.

सासूबाई गेल्या. दहावं करून आलो त्या संध्याकाळीही ही दिवा घेऊन निघाली. मी विचारलं, आता तिकडं कोण बघतंय?

"बघणारं गेलं म्हणून काय अंधारात बसायचं?"

मागच्या श्रावणात ती गेली. मी रडलो, लय रडलो. त्यात लाज कसली?

महिन्याभरात सरपंच परत आले. तेच सरपंच, गडी तेवढे नवे. म्हणाले, "दादा, वहिनी होत्या तोवर मी गप्प होतो. आता तरी उतरवू द्या."

मी जोत्यावर बसलो, ती बसायची तिथंच. म्हटलं, "आधी तिचा वाळा उपटून दाखवा. मग दगडाला हात लावा."

एका गड्यानं धोतर खोचून जोर लावला. हातात नुसती पाती आली, मुळं जागची हलली नाहीत.

ते गेल्यावर मी दिवा लावला. वारा होता, आणि मला कुठला पदर? टोपी काढून आडोसा केला.