दत्ताचा डावा डोळा

कुस्तीवर मी लिहावं हे धाडसच आहे, त्याबद्दल माफ करा. मी कधी आखाड्यात उतरलेलो नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला, आणि तालमीत राहणारा दत्ता माझा वर्गमित्र, एवढाच काय तो संबंध.

एका सकाळी मी तालमीत सराव बघत बसलो होतो. सलामीला दत्तानं हात पुढे केला, आणि तो समोरच्याच्या हाताशेजारून रिकामाच गेला.

"काय रं, वाऱ्यासंगं लढतोस व्हय?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तोही हसला.

आठवड्यापूर्वी त्याच्या डाव्या डोळ्यावर जोडीदाराचं डोकं आदळलं होतं. तेव्हापासून कडेनं अंधारून येतं, हे त्यानं मला एकट्याला सांगितलं होतं. "वस्तादांस्नी बोलू नगंस. यात्रेची कुस्ती धरलीय."

तालमीत दुखणं सांगत नाहीत. चुरगळलेला कान, पडलेला दात तिथे मिरवतात. नायट्यावर आखाड्याचीच माती चोळतात. तिला आई म्हणतात, मग तिच्यानं काही चिघळेल असं कोण म्हणणार? मला वाटायचं, शिकलेला माणूस तरी बोलेल. मी बोललो नाही.

काल त्याच्या भावाचा फोन आला. "डॉक्टर म्हणत्यात, तवाच आणला असता तर डोळा वाचला असता."