न दिसलेल्या गाडीची ललकारी

मानाजी चोपदार कुणाच्या तोंडाकडे आधी बघत नसे. आधी हात. दरबार भरला, सरदार मंडळी आत येऊ लागली, की बाकीचे त्यांच्या पगडीवरचा तुरा बघत. मानाजी बघे ती मूठ. उघडी आहे की मिटलेली, शेल्याखाली आहे की बाहेर. पुढं संस्थानं मध्यभारतात विलीन झाली, दरबार मिटला, त्याचा पट्टा आणि चांदीची काठी जामदारखान्यात जमा झाली. ही नजर मात्र कुणी जमा करून घेतली नाही. ती तो घरी घेऊन आला. दारावर भाजीवाली मेथीची जुडी पुढे करी, तर हा तिच्या दुसऱ्या हातात काय आहे ते बघे.

"अहो, मेथी आहे ती, कट्यार नव्हे," जमुनाबाई आतून म्हणत.

"मेथीतच लपवतात."

त्यात आमचं देवास. एकाच गावात दोन राज्यं नांदलेली. रस्त्याची ही बाजू थोरल्या पातीची, ती बाजू धाकट्या पातीची. दोन राजे, दोन कचेऱ्या, दोन नाके. मानाजी धाकट्या पातीचा. सरकारनं कागदावर मधली रेघ पुसली, पण माणसांच्या डोळ्यांतली तशीच राहिली. समोरच्या बाजूच्या हलवायाकडची जिलबी खाल्ली तर पोट दुखतं, असं सांगणारे लोक दोन्हीकडे होते, आणि पोट खरंच दुखायचं.

पूर्वी खासगी मोटरीसुद्धा दोन होत्या, आपापल्या कोपऱ्यातून सुटणाऱ्या. मग सरकारी मोटर आली आणि सगळ्यांना एकाच चौकात आणून उभं केलं. मोटरअड्ड्यावर कारकून म्हणून शालिग्रामबाबू आले, उज्जैनकडचे, जाड चष्म्याचे. त्यांनी मोटरींच्या वेळांची पाटी रंगवून लावली. अर्ध्यांना वाचता येईना. ज्यांना येई, ते पाटी वाचून एकमेकांकडे बघत आणि म्हणत, "ह्यात काहीतरी आहे."

म्हणून बाबूंनी आवाजाचा माणूस शोधला. मानाजीला बोलावणं गेलं. काम कच्चं, जमलं तर पक्कं.

पहिल्याच दिवशी बांबूच्या काठीला पितळी टोपण लावून मानाजी चौकात उभा राहिला. मोटर वळणावर दिसली आणि त्यानं छाती भरून घेतली.

"हाटपिपल्याऽऽची मोटर दाखल होत आहेऽऽ! आस्ते कदमऽऽ! निगाह रखोऽऽ! पोरंबाळं, गठुडी, सांभाळूनऽऽ! धाकटी पाती सलामतऽऽ!"

एका म्हातारीनं पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या आणि मगच मोटरीत पाय ठेवला.

"चोपदारजी," बाबू म्हणाले, "वो आखिरवाला मत बोलिए. अब कोई पाती-वाती नहीं है."

"शेवट केला नाही तर ललकारी उघडी राहते, बाबू."

मोटरीचा ड्रायव्हर गणोजी. थोरल्या पातीच्या वाड्यात पूर्वी मोटरी हाकायचा. त्यानं एक युक्ती काढली. मानाजी शेवटाकडे आला, की हा इंजिन चालू करी. घर्रर्र आवाजात धाकटी पाती बुडून जाई.

"काय भिया, गरम करतोय इंजिन," गणोजी मिशीत हसे. आमच्या माळव्यात भावाला 'भिया' म्हणतात.

"तुझ्या धन्यापुढं कधी केलंस का असं?"

"हाऽ, तिथं ललकारी सुरू झाली की मोटर जागेवर गप्प. संपेस्तोवर चाक हलवायचं नाही. हुकूमच होता. पण ती आमची ललकारी हो, तुमची नव्हे!"

लाखेच्या बांगड्या विकणाऱ्या जानकीबाई थोरल्या पातीच्या. त्यांना हाटपिपल्याच्या बाजाराला जायचं असे. मानाजीनं समोर उभी मोटर दाखवून पुकारा केला, तरी त्या कंडक्टरला विचारत. मग गणोजीला. मग मोटरीत बसलेल्या, तिकडच्या नरसिंहाच्या दर्शनाला निघालेल्या एखाद्याला. आणि मग मानाजीसमोर येऊन उभ्या राहत.

"खरं सांगितलंस म्हणायचं आज. का रे बाबा?"

त्याच्या बाजूचे लोक तरी कुठं सुखी होते! "चौक तर तिकडचा. तिथं जाऊन भुंकतोस?" असं त्याला गल्लीतच ऐकवलं जाई.

मानाजीचा एक नियम मात्र दोन्हीकडचे जाणून होते. दिसल्याशिवाय पुकारा नाही. मोटर येण्याच्या वेळी लोक घेराव घालत, "अरे येतेय का नाही, सांग की!" तो काठी रोवून गप्प. वळणावर मोटरीचं नाक दिसलं, की तोंड उघडणार. ह्याला कारण त्याचे वडील, दत्ताजी. तेही चोपदार. एकदा त्यांनी लांबून मेणा बघितला आणि आतल्या सरदाराच्या नावानं ललकारी देऊन टाकली. मेणा दाराशी आला, पडदा सरकवला, तर आत सरदार मेलेले. वाटेतच प्राण सोडला होता. दत्ताजींना कुणी बोल लावला नाही, पण त्यांनी स्वतः लावून घेतला. उंबऱ्यावर पाऊल पडलेलं डोळ्यांनी बघ, मग नाव घे, असं त्यांनी मुलाकडून देवासमोर वदवून घेतलं होतं.

आता मानाजीची एकुलती एक लेक, मालन. मॅट्रिक होऊन घरी बसली होती. स्थळं येत आणि बापाच्या नजरेला घाबरून परत जात; कारण मुलाकडचे चहा पीत असताना हा त्यांचे हात बघत बसे. अशात हाटपिपल्याच्या मुलींच्या शाळेतून तिला मास्तरीण म्हणून बोलावणं आलं. सोमवारी सकाळी शाळा भरायच्या आत हजर व्हायचं. न आल्यास जागा दुसरीला. दुसरी तयारच होती. मालननं रात्रभर आनंदानं झोप घेतली नाही, आणि मानाजीनं संशयानं.

"एवढ्या लांबच्या शाळेला हिचं नाव कुणी सांगितलं?"

"मीच अर्ज केला होता, आबा."

"ते झालंच. पण त्यांनी घेतलं का?"

शनिवारी शालिग्रामबाबूंनी त्याला बाजूला घेतलं. "चोपदारजी, चौक में सड़क खुदेगी. सोमवार से हाटपिपल्या की गाड़ी यहाँ नहीं आएगी, टेसन से चलेगी. आज से ही पुकारना शुरू कर दीजिए."

मानाजीनं बाबूंचे हात बघितले. दोन्ही खिशात होते.

"जी गाडी इथं येणारच नाही, ती मी इथं पुकारू?"

"वही तो काम है!"

"बघितल्याशिवाय पुकारत नाही मी, बाबू."

"अरे, मैं कह रहा हूँ ना!"

इथंच घात झाला. बाबू राहायला थोरल्या पातीच्या बाजूला, दाढी करायला तिकडच्याच न्हाव्याकडं. टेसनचा रस्ताही तिकडचाच. मानाजीच्या डोक्यात सगळं पटापट बसत गेलं. आपण ओरडायचं की मोटर टेसनवरून. सोमवारी मोटर डौलात चौकात येणार. सगळं गाव हसणार. चोपदार खोटा ठरणार. आणि ह्या जागी बाबूंचा माणूस. त्यानं शनिवारी पुकारा केला नाही. रविवारीही नाही. चौकात कुदळ-फावडं काही दिसेना, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. घरीही बोलला नाही.

सोमवारी सकाळी बापलेक चौकात आली. मालनच्या अंगावर नवं लुगडं, हातात पत्र्याची ट्रंक. ट्रंकेची कडी तुटलेली. तिथं मानाजीनं तार पिळून मूठ केली होती. वळकटी त्याच्या खांद्यावर. चौकात आणखी लोक जमले. जानकीबाई बांगड्यांची पाटी घेऊन आल्या.

मोटर आली नाही.

ऊन रस्त्यावर उतरलं. मालन एकदा वळणाकडं बघे, एकदा बापाकडं.

"आबा, उशीर होतोय का?"

"येईल."

तेवढ्यात सायकलवरून एक दूधवाला आला. "इथं काय उभे भियाहो? हाटपिपल्याची तिकडं भरतेय, टेसनवर!"

लोकांत एकच कालवा झाला. जानकीबाईंनी पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले.

"बघा! मी म्हणत नव्हते? थोरल्या पातीचा बाजार बुडवला ह्यानं! ठाऊक होतं ना रे तुला?"

मानाजी दूधवाल्याकडे बघत होता. "तुला कुणी पाठवलं?"

"ऐ लो! मला कोण पाठवतंय? म्हशीनं पाठवलं!"

"बाबूंनी सांगितलं असेल, चौकात जाऊन बोल म्हणून."

"आबा." मालनचा आवाज एकदम बारीक झाला. "तुम्हांला बाबूंनी सांगितलं होतं?"

तो वळणाकडं बघू लागला.

"सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. पण मी बघितलं नव्हतं."

"आणि मी? मी काय बघू, आबा? दुसरीला ती जागा दिलेली बघू?"

तिनं ट्रंक उचलली आणि चालू लागली. टेसन लांब, तिथं पोचेपर्यंत मोटर गेली असती. पण जुन्या नाक्यावरून मोटरीला जावंच लागे, आणि तो नाका गल्लीतून जवळ. मालन गल्लीत घुसली, मागं मानाजी, त्याच्यामागं पाटी डोक्यावर घेऊन जानकीबाई, तोंड चालूच. "पळ पळ! पळून कुठं जाशील! मी पण येते!"

नाक्यावर पोचले तेव्हा मोटर खालच्या चढावर दिसत होती. धूळ मागं, टपावर गाठोडी. भरलेली मोटर गणोजी जन्मदात्यासाठीही थांबवत नसे, हे सगळ्यांना माहीत. मालननं हात केला. जानकीबाईंनी पदर हलवला. मोटरीनं भोंगा वाजवला आणि वेग वाढवला.

मानाजी रस्त्याच्या मधोमध गेला. काठी रोवली. मालनला वाटलं, नेहमीची ललकारी देणार, आणि गणोजी इंजिनाच्या आवाजात ती बुडवून निघून जाणार. मानाजीनं डोळे मिटले. जन्मात पहिल्यांदा त्यानं डोळे मिटून तोंड उघडलं.

"आस्ते कदमऽऽ! निगाह रखोऽऽ! सवारी येत आहेऽऽ! थोरलीऽऽ पातीऽऽ सलामतऽऽ!"

ब्रेक असा लागला की टपावरचं एक गाठोडं पुढं येऊन पडलं. इंजिन गप्प. गणोजी चाकामागं ताठ बसला, हात मांडीवर, नजर समोर, वाड्यात बसायचा तसा. माणसं कुजबुजायला लागली तेव्हा त्याला भान आलं. रस्त्यावर महाराज नव्हते. एक घामेजलेला चोपदार होता.

"तू?" गणोजी ओरडला. "कुणाची ललकारी दिलीस रे?"

"तुझी."

"ब्रेक गरम झाला म्हणून थांबलो! दुसरं काही नाही!"

"हो ना. पोरीला घे."

मालन चढली. तिनं मागं वळून बघितलं नाही. जानकीबाई पायरीवर अडल्या आणि मानाजीच्या कानाशी आल्या. "ऐकलं मी. चांगलं ऐकलं. सगळ्या पातीला सांगणार. तुझ्याकडच्यांनासुद्धा."

मोटर गेली. मानाजीनं काठी उचलली आणि परत निघाला. जे दिसत नव्हतं त्याचं नाव त्यानं घेतलं होतं, तेही परक्या घराचं, आणि पोर त्याच मोटरीत बसून गेली होती. घरी आला, जेवला नाही. जमुनाबाईंनी विचारलं, "बसली ना?" तर म्हणाला, "बसली. पोचली का ते विचारू नकोस."

मंगळवारी चौकात खरंच कुदळी आल्या. बाबू संतापून आले होते. पण मानाजीनं त्यांना बोलू दिलं नाही. काठी आपटली आणि सुरुवात केली.

"हाटपिपल्याऽऽची मोटर टेसनवरून सुटतेऽऽ! मी बघितलेली नाहीऽऽ! शालिग्रामबाबू सांगतातऽऽ!"

"हे भगवान," बाबूंनी कपाळाला हात लावला. "मेरा नाम क्यों?"

"ज्यानं बघितलं त्याचं नाव नको का?"

आणि गंमत बघा, लोक टेसनकडं चालू लागले. हा माणूस कुठं तरी हातचं राखतोय असं ज्यांना वाटत आलं होतं, त्यांना आज तो हातचं काय राखतोय ते त्यानंच ओरडून सांगितलं होतं. बाबूंनी बघितलं, चष्मा पुसला आणि परत आत गेले. पक्कं-कच्चं काही बोलले नाहीत.

गणोजीची मोटर हाटपिपल्याला रात्रीचा मुक्काम करून परतली, तेव्हा मानाजी टेसनवर होता. गणोजी उतरला. 

"पोचली तुझी मालन. वेळेत."

"तू बघितलंस?"

"ट्रंक कुणी नेली शाळेपर्यंत? मीच. प्यासिंजर शिव्या देत होते मागं."

"उंबऱ्यावर पाऊल पडलं?"

"पडलं. उजवं."

मानाजीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही. "हात दाखव."

गणोजीनं शिवी हासडली आणि हात पुढं केला. तळव्यावर आडवा लाल वळ उठला होता, ट्रंकेच्या तारेच्या पिळासकट.

मानाजी घराकडं निघाला. त्याच्या गल्लीत लोक दारादारांत उभे होते. त्याच मोटरीनं परतून त्याच्या आधी पोचलेल्या जानकीबाईंचं काम झालं होतं. "या, थोरल्या पातीचे!" कुणीतरी म्हणालं. तो थांबला नाही. आपल्या दाराशी आला, काठी रोवली, आणि छाती भरून घेतली.

"मालनबाई मास्तरीण, शाळेत दाखल झाल्याऽऽ! मी बघितलेलं नाहीऽऽ! गणोजी ड्रायव्हर सांगतोऽऽ!"

जमुनाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. "खरं? आणि तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवलात?"

"त्याच्यावर नाही," मानाजी म्हणाला. "हात बघितला त्याचा. भाकरी वाढ."