उंबरातले नर

माझा धाकटा दीर चोर आहे. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला काहीच हरकत नाही. त्यानं माझा एखादा दागिना उचलला असता तर घरात निदान आरडाओरडा तरी झाला असता. त्यानं माझ्या डोक्यातली गोष्ट उचलली, आणि सगळे म्हणाले, जाऊ दे.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन इंदूरला आले, छत्रीबागेत राहते आणि अन्नपूर्णा भागातल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. दीर एका कंपनीत नोकरीला आहे आणि उरलेल्या वेळात सिनेमांवर हिंदीतून व्हिडिओ बनवतो. अंतराळातला एक भयपट त्याच्या फारच जिवाचा. त्यात एका यानात पंखवाले अक्राळविक्राळ प्राणी घुसतात आणि माणसं मारतात. त्याच यानात पुढे पांढुरके, बिनडोळ्यांचे, बोटभर जीव दिसू लागतात. ते भिंती कुरतडत बाहेरच्या बाजूला भोकं पाडतात आणि तिथेच मरून पडतात. हे छोटे जीव कोण, यावर या सिनेमाचे चाहते वर्षानुवर्षं भांडत होते. बहुतेकांचं मत, ही त्या राक्षसांची पिल्लं. दीरही मित्रांशी फोनवर तेच घसा फोडून सांगायचा.

एका रविवारी पोहे खाता खाता त्यानं तो सिनेमा लावला. मी समोर मटार सोलत बसले होते. यानाच्या अरुंद दारात तुटून पडलेले मोठे पंख दिसले आणि मी म्हटलं, "अहो, ही पिल्लं नाहीत. हे पूर्ण वाढलेले नर आहेत."

"कसं काय, वहिनी?"

मी सांगितलं. उंबराच्या फळात चिलटाएवढी माशी राहते. मादी फळाच्या बारीक तोंडातून आत घुसते आणि घुसताना तिचे पंख तुटतात. ती आत अंडी घालते आणि मरते. पुढच्या पिढीतले नर आधी बाहेर पडतात, म्हणजे फळातल्या फळात. त्यांना पंख नाहीत, डोळे जेमतेम. ते माद्यांशी संग करतात, सगळे मिळून फळाच्या सालीला भोक पाडतात आणि मरतात. मग पंखवाल्या माद्या त्या भोकातून उडून जातात. तुमच्या सिनेमातलं यान म्हणजे उंबर आहे. तो राक्षस माणसांवर चिडलेला नाही, त्याला फक्त अंडी घालायला जागा हवी आहे. माणसं मधे आली म्हणून मेली.

दिराच्या हातातला पोह्याचा चमचा तसाच राहिला. "गजब, वहिनी! ये तो आजपर्यंत कोणी सोचलंच नाही."

मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते. या घरात माझ्या विषयाबद्दल इतकं मन लावून कोणी कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात त्याचा व्हिडिओ आला. तुटलेले पंख, आंधळे नर, यान म्हणजे उंबर, सगळं माझं. माझा उल्लेख कुठेच नाही. वर त्यानं उंबराबद्दल पदरचं एक वाक्य घातलं होतं: "भिया लोग, मेरे घर के सामने गूलर का पेड़ है, बचपन से फोड़-फोड़ के देख रहा हूँ।" देशभरातले चाहते त्याच्या बुद्धीवर लट्टू झाले. मी विचारलं तर म्हणतो, "टेन्शन काय घेता, वहिनी? घरचीच तर गोष्ट आहे. माझं काय नि तुमचं काय." सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं, लहान आहे तो." लहान! तिशी उलटून गेलेला घोडा.

मी जाऊ दिलं नाही. मटार सोलताना, पेपर तपासताना, गाडी चालवताना मला एकच दिसायचं, हा माणूस चारचौघांत तोंडावर पडलेला. संताप मी पोटात ठेवला आणि घरात गोड बोलत राहिले.

माझ्या हातात एक गोष्ट होती आणि ती त्यानंच दिली होती: ते गूलर फोडल्याचं वाक्य. आमच्या दारातलं उंबर हे दत्ताचं झाड. सासूबाई दर गुरुवारी त्याखाली दिवा लावतात. त्याचं फळ या घरात कोणी फोडत नाही. पायाखाली आलं तर नमस्कार करून बाजूला ठेवायचं. म्हणजे दिरानं जन्मात उंबर आतून पाहिलेलं नव्हतं. मी मात्र दरवर्षी शाळेच्या वर्गात फोडून दाखवते, फळं याच झाडाची नेते, आणि हे सासूबाईंना सांगितलेलं नव्हतं. त्याचा व्हिडिओही त्यांनी पाहिला नव्हता. त्यांना तसले प्राणी बघवत नाहीत.

मग तुकोगंजातल्या एका हॉलमध्ये या सिनेमाच्या चाहत्यांचा मेळावा ठरला आणि दिराला भाषणाचं बोलावणं आलं. मी जेवताना सहज म्हटलं, "आईंनाही नेऊ या ना. मुलाचं कौतुक बघतील." सासूबाई खूश झाल्या. दिराला ते नको होतं, पण नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. राक्षसाचं चित्र छापलेले टीशर्ट घातलेल्या पोरापोरींत त्या जरीची साडी नेसून बसल्या होत्या. दीर झकास बोलला. ते गूलरचं वाक्य त्यानं गाळायचा प्रयत्न केला, पण मागून लोक ओरडले, "भिया, वो गूलर वाली बात बताओ!" त्याला म्हणावंच लागलं. मी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांचं हसू हळूहळू गेलं.

प्रश्न विचारायची वेळ आली तशी मी उठले. पर्समधून स्टीलचा डबा काढला. आत पिकायच्या बेतात आलेली उंबरं होती, सकाळीच आमच्या झाडावरून काढलेली. एक त्याच्या हातात ठेवलं आणि सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत म्हटलं, "आपके ही पेड़ के हैं। एक फोड़कर नर दिखा दीजिए।"

हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या. "फोड़ के दिखाओ भिया!" त्याच्या एका हातात उंबर, दुसऱ्या हातात माईक. फोडलं तर आईसमोर दत्ताचं फळ फोडणार, नाही फोडलं तर खोटारडा ठरणार.  तो आईकडे वळला आणि रडवेल्या आवाजात मराठीत म्हणाला, "आई, देवाची शपथ, मी कधीच नाही फोडलं. हे सगळं वहिनीचं आहे, मी तर फक्त बोललो."

माईक तोंडाशीच होता. इंदुरात मराठी समजणारे थोडे नाहीत, आणि ज्यांना समजलं नाही त्यांना शेजारच्यांनी समजावून दिलं. घरातलं उंबर फोडून केंबरं, म्हणजे आतली चिलटं, चारचौघांत उडवू नयेत म्हणतात. शाळेत मुलांना दरवर्षी असंच दाखवते, असं सांगत मी स्टेजवर चढून ते फोडलं, आणि ती केंबरं लोकांनी मोबाइलवर मोठी करून पाहिली. पांढुरके आंधळे नर अजून साल कुरतडत होते. टाळ्या पडल्या. या वेळी त्या मला होत्या, आणि मी त्या अगदी मनसोक्त घेतल्या.

रिक्षात मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. सासूबाईंनी आधी साडीचा पदर सावरला. मग म्हणाल्या, "तू मुलांना शिकवायला फोडलंस. देव बघून घेईल. पण ह्यानं न फोडता फोडलं म्हणून दुनियेला सांगितलं, आणि वर तुझं लुबाडलं." दिरानं काही बोलायला तोंड उघडलं. "चूप बैस," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं नवा व्हिडिओ टाकून थिअरी भाभीची आहे असं सांगितलं. मी पुन्हा पुन्हा पाहिला. शिवाय सासूबाईंनी त्याला प्रायश्चित्त लावलं. दर गुरुवारी ऑफिसला जायच्या आधी आंघोळ करून, अनवाणी, उंबराला प्रदक्षिणा. खाली पिकून पडलेल्या फळांचा चिखल असतो. तो पाय उचलून उचलून चालतो, डोळ्यांपुढची चिलटं हातानं वारतो आणि पुटपुटत राहतो.

मी गॅलरीत चहा घेऊन उभी राहते. अजून एकही गुरुवार मी चुकवलेला नाही.