दरीतले आणि दर्यावरचे ब्रॅमस्केल

हेप्सी ब्रॅमस्केल कुणाचाच शब्द खरा धरायची नाही. दूधवाल्याने दूध ताजं म्हटलं की ती आधी बाटली हुंगायची. रेडिओने ऊन पडेल म्हटलं की छत्री घेऊन निघायची. चर्चमध्ये डेनिस नावाचा तरुण पाद्री नवा आला, तेव्हा पहिल्याच रविवारी ती पुढच्या बाकावर बायबल उघडून बसली आणि तो वाचत होता तसतशी ओळींवरून बोट फिरवत राहिली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "एनिड, दोन शब्द खाल्ले त्याने. लक्ष ठेवायला हवं."

आम्ही दोघी हार्टबेकच्याच, एका बाकावर शिकलेल्या. पुढे त्याच शाळेत मी चोवीस वर्षं शिकवलं. एका वर्षी माझ्या हजेरीपटावर बावीस मुलं होती आणि त्यांतली नऊ ब्रॅमस्केल. यॉर्कशरच्या आमच्या या दरीत हे आडनाव गवतासारखं उगवतं. दरीबाहेर मात्र सांगितलं की लोक दोनदा विचारतात, अक्षरं कशी लिहायची म्हणून. वरच्या माळावर ब्रॅमस्केल नावाचं एक मोडकं घर आहे. छप्पर गेलेलं, चुलीचा दगड तेवढा शाबूत. सगळे ब्रॅमस्केल तिथूनच खाली उतरले, एकाच रक्ताचे, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झालेलं. आणि त्या माळावर साठ मेंढ्या चारायचा हक्क एका जुन्या कागदावर 'जॉन ब्रॅमस्केल आणि त्याचे वंशज' यांना दिलेला. हेप्सीने लग्न केलं नव्हतं. तिचा भाचा आल्बर्ट त्या मेंढ्या राखायचा आणि हेप्सी तो हक्क राखायची.

एकोणीसशे बहात्तर सालच्या सप्टेंबरात तिला एक पत्र आलं. ते ती माझ्याकडे घेऊन आली, चिमटीत धरून, मेलेला उंदीर धरावा तसं.

पत्र लिहिणाऱ्याचं नाव सिरिल ब्रॅमस्केल. समुद्रकाठच्या स्टार्नविकला राहणारा, रेल्वेत सिग्नलवर नोकरी करून निवृत्त झालेला. त्याने वाचनालयात बसून सगळ्या देशाच्या टेलिफोन-डिरेक्टऱ्या चाळल्या होत्या. त्यात एकोणचाळीस ब्रॅमस्केल सापडले. सतरा आमच्या दरीत, एकोणीस स्टार्नविकच्या आसपास, तीन इकडेतिकडे विखुरलेले. मधल्या साठ मैलांत एकही नाही. त्याच्या घराण्यात सांगत आले होते की सतराशे अठ्ठावन्न साली त्यांचा पूर्वज हार्टबेक सोडून बायकापोरांसह किनाऱ्यावरच्या तुरटीच्या खाणीत कामाला आला. ते खरं की खोटं, एवढं त्याला आमच्या चर्चच्या नोंदवहीत पाहायचं होतं.

"हार्टबेक सोडून कोण गेलंय कधी?" हेप्सी म्हणाली. "आणि तुरटी कसली? याला माळ हवाय."

"अगं, सिग्नलवाला माणूस. मेंढ्या घेऊन काय करेल?"

"तेच तर तो सांगत नाहीये!"

तिने उत्तर पाठवलंच नाही. पण चर्चची किल्ली जरी तीन पिढ्या हेप्सीच्या घरी असली, तरी नोंदवह्या पाद्र्याच्या ताब्यातल्या. सिरिलने डेनिसला लिहिलं आणि डेनिसने भोळेपणाने 'या' म्हणून कळवलं.

ऑक्टोबरात तो बसमधून उतरला. बारकासा माणूस, कोटाची सगळी बटणं लावलेली, हातात चामड्याची पिशवी. हेप्सीने किल्ली दिली नाही; स्वतः येऊन दार उघडलं, नोंदवह्यांची पेटी उघडली आणि त्याच्या समोर खुर्ची टाकून बसली. मलाही बसवलं. म्हणाली, "चार डोळे बरे."

दोन दिवस तो वाचत होता. पेन्सिलीने टिपून घ्यायचा आणि टोक मोडलं की खिशातल्या छोट्या चाकूने तासायचा. मधूनच एक घडीचा नकाशा काढून दाखवायचा. त्यावर आमच्या दरीत लाल ठिपक्यांचा एक घोस आणि किनाऱ्यावर दुसरा.

"असं दोन ठिकाणी का पिकलं असेल हे नाव, सांगा बरं," तो हेप्सीला म्हणाला.

"तुमच्याकडच्या कुणीतरी उचललं असेल. नावाला काही कुलूप नसतं."

तो हसला. तिला ते हसू अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकदम थांबला. "बाई, हे बघा. अठ्ठावन्नपर्यंत जॉनची मुलंबाळं दिसतात. मग अठ्ठावीस वर्षं इथे एकही ब्रॅमस्केल नाही. ना जन्म, ना मयत. आणि एकदम शहाऐंशीला कुणी तेवीस वर्षांचा जोनास ब्रॅमस्केल लग्न करतो. तो आला कुठून? त्याच्या जन्मासाठी त्रेसष्टचं पान बघावं तर..." त्याने वही आमच्याकडे फिरवली. शिवणीपाशी कागदाची बोटभर पट्टी उरली होती. पान कुणीतरी कापून नेलं होतं.

हेप्सी उठली. चेहरा पांढराफटक. "चाकू ठेवा टेबलावर."

"काय?"

"चाकू! चोर तो चोर, वर आम्हालाच पान दाखवतोय! एनिड, डेनिसला बोलाव."

मी बोलावलं. आणि आजही मला त्याची लाज वाटते, पण डेनिस आणि मी नुसते बघत उभे राहिलो आणि हेप्सीने त्या माणसाची पिशवी टेबलावर उपडी केली. नकाशा, चष्म्याचं घर, कागदात गुंडाळलेलं चीज-सँडविच, एक मफलर. तिने सँडविचसुद्धा उघडून पाहिलं. कोटाचे खिसे त्याने स्वतःच बाहेर काढून दाखवले. पान नव्हतं.

"गिळलं असेल," हेप्सी म्हणाली.

डेनिस चाचरत म्हणाला, "मिस ब्रॅमस्केल, कापलेली कड पिवळी पडलीय. हे जुनं काम आहे."

"चहात बुडवली तरी कड पिवळी पडते."

सिरिलने एकेक वस्तू परत पिशवीत भरली. दारात वळून एवढंच म्हणाला, "आमच्याकडे परक्याला आधी बसायला सांगतात." संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बसची वाट पाहत तो दारूच्या गुत्त्यात टेकायला गेला, तर मालकाने, तोही ब्रॅमस्केलच, 'बंद आहे' म्हणून सांगितलं. आत दहा माणसं बसलेली होती.

एवढ्यावर हेप्सी थांबायची नव्हती. डेनिसने तिला सांगितलं की त्या काळी प्रत्येक चर्च वर्षाच्या नोंदींची एक नक्कल बिशपकडे पाठवायचं आणि त्या नकला शहरात जपून ठेवल्या आहेत. झालं! "त्याने काय चोरलं ते आता कळेल," असं म्हणत ती नोव्हेंबरातल्या एका सकाळी मला बसमध्ये घालून शहरात घेऊन गेली. जुन्या हस्ताक्षराचं वळण मला वाचता यायचं, तिला नाही.

दप्तरखान्यातल्या मुलीने चर्मपत्राचा एक सुटा ताव आणून ठेवला. मी बोट फिरवत वाचत गेले. मार्च सतराशे त्रेसष्ट.

"वाच की मोठ्याने."

मी वाचलं. "'जोनास, तान्हं मूल. ब्रॅमस्केलच्या ओसाड घरात मेंढपाळाला सापडलं. आईबाप अज्ञात. जागेचं नाव दिलं.'"

हेप्सीने ताव स्वतःकडे ओढून डोळ्यांशी धरला. मग म्हणाली, "पुन्हा वाच."

मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू ते मीच तिथे लिहून ठेवलं होतं. "तुझं वाचताना चुकत नाही ना, एनिड? तुझ्या आईचा आमच्या मेंढ्यांवर डोळा होता."

मग तिने त्या मुलीला बोलावलं आणि तिच्याकडून वाचून घेतलं. तेच निघालं. मी नोंदीची प्रत उतरवली, ती हेप्सीने पिशवीत ठेवली. म्हणजे खरा जॉन ब्रॅमस्केल घर टाकून समुद्राकडे गेला होता. त्याच्या रिकाम्या घरात कुणीतरी एक पोर ठेवून गेलं, आणि दरीतले आम्हाला माहीत असलेले सगळे ब्रॅमस्केल त्या पोराचे.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. उतरताना म्हणाली, "कुणाला सांगू नकोस."

मी कबूल केलं. पण आता संशय माझ्या मनात शिरला होता. हेप्सी हे गिळून टाकणार, असं मला वाटू लागलं. दोन आठवडे ती माझ्याकडे फिरकली नाही. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली. एकदा दुपारी तिच्या धुराड्यातून दाट काळा धूर निघताना दिसला तेव्हा मी हातातलं काम टाकून धावत गेले. तिने काय जाळलं ते बघायला. ओली लाकडं होती. माझा चेहरा बघून ती सगळं समजली.

"बस," ती म्हणाली. "तुला वाटलं मी कागद जाळतेय. वाटणारच. आमच्या घराण्याला ती सवयच आहे." तिने चहा ओतला. "माझ्या आजोबांच्या वेळी जमीनदाराशी माळावरून कज्जा झाला होता. आजोबांनी वंशावळ दाखवून तो जिंकला. त्या वेळी चर्चची वही कुणाच्या ताब्यात? किल्ली कुणाच्या खुंटीला? सगळ्या जगावर संशय घेऊन झाला, एनिड. ते पान कापणारा हात आमच्याच घरातला, हा संशय तेवढा घ्यायचा राहिला होता."

"पुरावा कुठाय पण?"

"नाहीच. म्हणून तर झोप नाही."

पुढच्या शनिवारी आम्ही स्टार्नविकला गेलो. दोन बस बदलून, वाऱ्याने कान बधिर झालेले. सिरिलने दार उघडलं ते साखळी लावूनच. फटीतून एक डोळा दिसत होता.

"काय हवंय?"

"बोलायचंय," हेप्सी म्हणाली.

"पिशवी दाखवा आधी."

मला वाटलं आता ही भडकणार. पण तिने निमूटपणे पिशवी उघडून फटीसमोर धरली. त्यात ताज्या पनीरचा, मनुका घातलेला गोड टार्ट होता, आणि त्या नोंदीची माझ्या हाताने लिहिलेली प्रत. सिरिलने प्रत आत ओढून घेतली आणि दार लावलं. आम्ही पायरीवर उभ्या. बऱ्याच वेळाने साखळी निघाली.

"ही तुम्ही स्वतः आणलीत?" तो म्हणाला. "मला?"

"मग काय, टपालखात्यावर विश्वास ठेवू?"

आत त्याच्या भिंतीवर तोच नकाशा मोठा करून लावलेला होता. हेप्सी कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसली आणि पाठ केल्यासारखं बोलली, "नाव तुमचं. माळही तुमच्याच पूर्वजाच्या नावावर. हक्क सांगायचा असेल तर सांगा. मी खोटी साक्ष देणार नाही. आणि त्या दिवशीचं... ते मी वाईट केलं."

सिरिलने टार्टचा तुकडा कापला. "बाई, लोकर अंगाला लागली तरी मला खाज सुटते. मेंढ्या तुमच्या तुम्हाला लखलाभ. मला फक्त दोन घोस का, तेवढं हवं होतं." सुरी खाली ठेवून तो म्हणाला, "पण राग गेलेला नाही माझा. सँडविच उघडून पाहिलंत तुम्ही."

"चीज वाईट होतं," हेप्सी म्हणाली.

त्यावर तो हसला. या वेळी तिला ते हसू चाललं असावं, कारण तिने कोटाचं वरचं बटण काढलं.

गावाला मात्र हे रुचलं नाही. हेप्सीने रविवारी चर्चनंतर सगळ्यांसमोर सांगून टाकलं. गुत्त्याच्या मालकाला कुणीतरी 'सापडलेला' म्हणून चिडवलं आणि तिथे मारामारी झाली. आल्बर्ट दीड वर्ष आत्याशी बोलला नाही. "खरं होतं तर गप्प बसता येत नव्हतं?" असं त्याने मला विचारलं, तिला विचारायची हिंमत नव्हती. माळावर मेंढ्या मात्र आल्बर्टच्याच चरत राहिल्या. वकिलाने सांगितलं, दोनशे वर्षं चरलेलं गवत कुणी परत मागत नाही.

हेप्सी बदलली, असं मला म्हणायचं नाही. ती आणि सिरिल एकमेकांना दर महिन्याला पत्र लिहीत आणि त्याच्या नकाशावरच्या एकेका ठिपक्याचा ती पुरावा मागायची. कॅनडातला एक ब्रॅमस्केल तिने खोटा ठरवलाही. सिरिल कबूल झाला.

पण तिच्या संशयाला आता वेगळंच खाद्य मिळालं होतं. जोनासला कुणीतरी जन्म दिला असणार. मार्चच्या बर्फात तान्हं मूल घेऊन कुणी परकी बाई तेवढं चढून येत नाही. म्हणजे आई याच दरीतली, आणि ते घर रिकामं आहे हे माहीत असलेली. हेप्सी अंत्ययात्रेला गेली की लोकांची नाकं न्याहाळायची. बारशाला गेली की बाळाचे कान उलटून बघायची. तिने एक वही केली. त्यात ब्रॅमस्केल नसलेली सगळी जुनी घराणी लिहिली आणि पुढे बारीक अक्षरात काय काय. ती वही तिने मला कधी दाखवली नाही.

एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीत ती अंथरुणाला खिळली. मी रोज सूप घेऊन जायची. एके दिवशी ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"एनिड, तुझ्या आजीचं माहेर माळाच्या पायथ्याचं ना?"

"हो. का गं?"

"हनुवटी जरा वर कर बघू."

मी केली. तिने चष्मा लावला, नीट पाहिलं, "हं," म्हणाली आणि सूप प्यायला लागली.